इंग्रजीतली वाडी

‘वाडी’ या शब्दाचा अर्थ मला साठी उलटल्यावर कळला, आणि तोही इंग्रजीतून. तोवर मी वाडीतच राहत होतो. आपण कुठे राहतो हे आपल्याला ठाऊक असतं, अशी माझी एक भोळी समजूत होती. अशी समजूत घेऊन सरकारी कचेरीत जाऊ नये. ती बाहेर चपलांजवळ काढून ठेवावी, येताना मिळाली तर घालावी.

सगळं सुरू झालं एका फळीपासून. पुण्याहून पौडमार्गे मुळशीकडे येणारी एस.टी. चोरघेवाडीला थांबत नसे. ती सरळ धरणाच्या फाट्यावर जाऊन उभी राही, आणि तिथून आम्ही वाडीकर आपापली ओझी सांभाळत उलटे चालत येत असू. वाडी रस्त्यावरून दिसत नाही. मध्ये एक चढ आहे आणि चढावर करवंदीच्या जाळ्या. कंडक्टरचं म्हणणं, जी वाडी दिसत नाही तिच्यासाठी घंटी मारायची कशी. मी त्याला म्हटलं, “अहो, परमेश्वरही दिसत नाही.”

तो म्हणाला, “त्याचापण स्टॉप नाही.”

पुण्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला हे असं ऐकून घ्यावं लागत होतं. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी मला हवापालट सांगितला, म्हणून आम्ही दोघं हैबतराव चोरघ्यांच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलो होतो. हवा पालटली. गुडघे मात्र तेच राहिले. तेव्हा मी वाडीच्या वतीने आगारात गेलो. तिथल्या साहेबाने मान वर न करता सांगितलं, “गावाच्या नावाची फळी लावा, गाडी थांबेल. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नियम आहे.”

इतकं सोपं काम सरकारने सांगितलं की माणसाने सावध व्हावं. मी आनंदाने घरी आलो.

फळी सागाची असावी की आंब्याची, यावर वाडीत पुष्कळ चर्चा झाली. सागाची चोरीला जाईल आणि आंब्याची वाळवी खाईल, या दोन्ही मतांचे लोक होते आणि दोघेही फळी द्यायला तयार नव्हते. शेवटी भिवाजीने आपल्या गोठ्यातल्या जुन्या गव्हाणीची एक फळी काढून दिली. तिला एका कडेला बैलाने चाटून चाटून खळगा पाडला होता, पण लाकूड पक्कं होतं. फक्त अरुंद होतं, आणि तीच गोष्ट पुढे महाग पडली.

रंगवायला पौडचा नथू रंगारी आणला. नथूचा खरा धंदा पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्याचा. अक्षरं हा त्याचा जोडधंदा. मराठी बाजू त्याने झोकात काढली, वेलांट्यांना शिंगांसारखा बाक दिला. इंग्रजी बाजूसाठी मी त्याला एकेक अक्षर खडूने काढून दिलं. पण फळी अरुंद, नाव लांब. नथूने विचार केला आणि तीन ओळी पाडल्या. वर ‘चोर’, मध्ये ‘घे’ आणि खाली ठळक ‘वाडी’. सगळं इंग्रजी लिपीत, माझ्याच स्पेलिंगने, एकही चूक नाही.

पहिल्याच दिवशी एस.टी. थांबली. कंडक्टरने खिडकीतून मान काढून मोठ्याने वाचलं, “चोर घे.” मग त्याने आत वळून विचारलं, “कुणी आहे का? जागा दोनच आहेत.” गाडीभर हशा. हैबतराव तालुक्याच्या कामाला निघाले होते, धुतलेला पटका बांधून. ते गाडीत न चढता परत फिरले.

“मास्तर,” ते माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, “आमच्या बापजाद्याचं नाव हाय ते. असं तोडून नगा ठिवू. आखंड हाय तवर इज्जत हाय त्याला.”

नथूला पुन्हा बोलावलं. त्याच्याकडे तेव्हा फक्त काळा रंग शिल्लक होता. त्याने वरच्या दोन ओळींवर तो फासला. खाली उरलं एकच पांढरंशुभ्र इंग्रजी अक्षरांतलं ‘वाडी’. मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मला ते भारदस्त वाटलं. वाडीला वाडी म्हटलं तर त्यात कोणाचं काय जातं, असं मी त्या वेळी म्हणाल्याचं आमच्या घरात अजून सांगतात.

हे साल पानशेतच्या पुराच्या पुढचं. एकदा पूर येऊन गेला की मग पाण्याची फार काळजी वाटू लागते. पाण्याच्या वाटेत कोण कोण राहतं हे हुडकून काढायला एक समिती नेमली होती, आणि तिचे प्रमुख होते मेजर चाको. उंच, सडसडीत, मिशीला मेण लावणारे गृहस्थ. मूळचे त्रावणकोरकडचे. महायुद्धात ते रस्ते-पूल बांधणाऱ्या पलटणीबरोबर उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात होते. इंग्रजी लाजवाब, हिंदी हुकमापुरती, अरबी शिव्यांपुरती आणि भूगोलापुरती. मराठीशी त्यांचा काही संबंध नव्हता आणि तसा तो असावा असं त्यांना कोणी सुचवलंही नव्हतं.

एका सकाळी मी फळीखाली गाडीची वाट पाहत उभा होतो. धरणाच्या बाजूने एक जीप आली, पुढे गेली, करकचून थांबली आणि मागे आली. त्या बाजूने फळीची इंग्रजी बाजू दिसते. मेजरसाहेब उतरले, फळीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत ‘सुप्रभात’ म्हटलं. मुळशीच्या रस्त्यावर धोतर नेसलेला माणूस अशा उच्चारात सुप्रभात म्हणतो हे पाहून त्यांना बरं वाटलं असावं. पुढचं सगळं संभाषण इंग्रजीत झालं. मी ते इथे मराठीत देतो, पण त्यातला ‘वाडी’ हा शब्द आम्ही दोघांनीही ‘वाडी’ असाच उच्चारला, हे ध्यानात ठेवा.

“या वाडीत माणसं राहतात?” त्यांनी विचारलं.

“राहतात म्हणजे काय, सर. बायकामुलांसकट.”

“कधीपासून?”

“यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, सर. तेव्हापासून सगळे इथे वाडीत आले.”

“एकदा पाण्यात बुडालेली माणसं,” ते हळूच म्हणाले, “आणि ती येऊन राहिली वाडीत?”

“जाणार कुठे, सर?”

“पाणी येतं का?”

आता मला खरं तर नळाचाही विषय काढायचाच होता. मी म्हटलं, “तोच मुख्य प्रश्न आहे, सर. उन्हाळ्यात थेंब नसतो. पावसाळ्यात मात्र डोंगरावरून असं येतं, की दारापर्यंत.”

“मुलं?”

“दिवसभर वाडीतच खेळतात.”

“गुरं?”

“वाडीतच बांधतात, सर. पहिल्यापासून पद्धत आहे.”

मेजरसाहेबांनी टोपी काढली. मला वाटलं, उकाड्याने. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मी तुम्हा सगळ्यांना यातून बाहेर काढीन.” मी त्यांचे मनापासून आभार मानले. चार सुसंस्कृत माणसं भेटली की इंग्रजीत किती झटपट कामं होतात, याचं मी त्या दिवशी वाडीत दोनदा व्याख्यान दिलं. हैबतरावांनी मला आंबेमोहोर तांदूळ पाठवला.

तांदूळ संपायच्या आत कुशाबा कोतवाल हुकूम घेऊन आला. तो त्याने मारुतीच्या पारावर उभं राहून वाचला. पुराचा धोका लक्षात घेता वाडीतील सर्व रहिवाशांनी पावसाळ्यापूर्वी वाडी रिकामी करावी. त्यांच्या वस्तीसाठी रस्त्यालगतची बिनमालकीची सरकारी पड जमीन मुक्रर केली आहे. न हलल्यास सरकार हलवील.

पारावर बसलेल्या भिवाजीने विचारलं, “बिनमालकीची पड? ती कंची?”

कुशाबाने हात लांब केला. सगळ्यांनी त्या दिशेने पाहिलं. चढाच्या खाली, रस्त्याला लागून, गोल गोट्यांचा एक पांढरा पट्टा उन्हात चकाकत होता.

“ह्यो तर ओढा हाय,” भिवाजी म्हणाला.

आणि तो ओढाच होता. मे महिन्यात तिथे शेळ्या बसत. श्रावणात तिथे म्हैस उतरली तर ती पौडात निघे. त्या जागेला मालक नव्हता याचं कारण एवढंच, की वर्षातले चार महिने ती जागाच नसे.

हैबतराव माझ्याकडे वळले. आवाज अगदी शांत. “मास्तर, आमी यष्टी मागितली व्हती. बिऱ्हाड हालवायला न्हाई सांगितलं.”

मी म्हटलं, काहीतरी गैरसमज आहे. ते म्हणाले, “व्हय. त्योच इचारतोय, कुनाचा.”

त्यानंतरचे दिवस मी लोकांचे सल्ले ऐकण्यात घालवले. म्हसू धनगर आपली मेंढरं घेऊन वाडीच्या शिवारात बसला होता. त्याला या प्रकाराची फार गंमत वाटली. “आमी दर साल हालतो,” तो बिडी ओढत सांगायचा. “त्यात काय आवघड न्हाई. आदी भांडी बांदायची, मंग म्हातारी मानसं, मंग कुत्रं. कुत्रं शेवटी, न्हाईतर ते परत येतं. मास्तरांना कुटं बांदायचं ते तुमचं तुमी ठरवा.” भिवाजीचं मत पडलं की मी साहेबाच्या पाया पडावं. एकाने सुचवलं, फळी जाळून टाकावी. आमच्या घरातून जो सल्ला मिळाला तो सर्वांत जिव्हारी लागणारा होता.

“तुम्ही त्यांच्याशी मराठीत बोलला असतात,” आमची ही तांदूळ निवडत म्हणाली, “तर त्यांना काही समजलं नसतं आणि सगळे सुखात राहिले असते.”

या सगळ्यात सल्ला न देणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे हैबतरावांची आई, रंभाबाई. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा ती नवी नवरी होती. जात्याची तळी डोक्यावर घेऊन ती हा चढ चढली होती. या घराच्या भिंती तिने स्वतःच्या हाताने लिंपल्या होत्या, दारातला फणस तिने लावला होता. त्या दिवसांत ती जेवेना. ओट्यावर बसून राही आणि मी समोरून गेलो की माझ्याकडे पाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

अखेर एके दिवशी तिनेच हाक मारली. “मास्तर, हिकडं या. म्या एकदा हालले. तवा अंगात जोर व्हता, आन् संगं मालक व्हता. आता जातं उचलायला दोनी न्हाईत. मी हितनं हालले तर तितं पोचायची न्हाई, ते कळतंय न्हवं तुमाला?”

मी म्हटलं, कळतंय.

“मंग तुमच्या विंग्रजीनं उपटलंय, तुमच्या विंग्रजीनंच लावा.”

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला मेजरसाहेबांच्या कचेरीत गेलो. बाहेरच्या खोलीत त्यांचे हेडक्लार्क बसत, खासगीवाले नावाचे. पेठेतले गृहस्थ, टोपी, उपरणं, समोर अडकित्ता. मराठी माणूस भेटला म्हणून मला हायसं वाटलं. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती सुपारी कातरत शेवटपर्यंत ऐकली.

“म्हणजे वाडी म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे,” मी म्हटलं.

“उत्तम ठाऊक आहे. माझं आजोळ वाडीचंच आहे.”

“मग साहेबांना सांगितलं का नाही?”

“फाइल इंग्रजीत आहे,” खासगीवाले म्हणाले. “इंग्रजी फाइलीवर बसलो की मला मराठी येत नाही. पेन्शन जवळ आली आहे.”

“आणि तुम्ही नवी जागा दिलीत ती ओढ्यात आहे.”

“नकाशात ती पांढरी दिसत होती. तालुक्यात तेवढी एकच जागा अशी होती की जिच्यावर कोणाचा दावा नव्हता. मला वाटलं, लोक किती समजूतदार आहेत.”

आत मेजरसाहेबांनी माझं उठून स्वागत केलं. त्यांना वाटलं, मी पुन्हा आभार मानायला आलो आहे. मी सांगायला लागलो, की एक बारीकसा शब्दाचा घोटाळा झाला आहे. ‘वाडी’ म्हणजे आपण समजता ते नव्हे. साहेबांनी काही न बोलता कपाटातून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवला. वाडी. मूळ अरबी. पावसाळा सोडून एरवी कोरडं असणारं नदीचं किंवा ओढ्याचं पात्र. याखेरीज दुसरा अर्थ नव्हता. मी मागचं पुढचं पान चाळून पाहिलं. चोरघ्यांचा कुठे उल्लेख नव्हता.

“मी सांगतो तुम्हाला वाडी म्हणजे काय,” साहेब म्हणाले. “लिबियात आमचा तळ एका वाडीत होता. सपाट, वाऱ्याचा आडोसा, सुरेख जागा. आभाळात ढग नाही. दुपारी चहा घेत होतो. पाऊस कुठे पन्नास मैलांवर पडला असेल, आम्हाला पत्ताही नाही. आधी नुसता आवाज आला, मग पाणी आलं. तंबू गेले, दोन ट्रक गेले, माझं जिवापाड जपलेलं व्हायोलिन गेलं. आमचा स्वयंपाकी खजुराच्या झाडावर चढला म्हणून वाचला. माझ्या तुकडीतली सगळी पोरं वाचली नाहीत.” त्यांनी शब्दकोश ओढून मिटला. “तेव्हापासून वाडीत कोणी राहतं म्हटलं की मला झोप येत नाही.”

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं. मी हळूच म्हटलं, “पण सर, ही वाडी मराठी आहे.”

“फळीवर अक्षरं इंग्रजी होती. इंग्रजीत लिहिलंत तर अर्थ इंग्रजीतला.”

“सर, सावंतवाडी हे सबंध संस्थान होतं. तिथले लोक काय ओढ्यात राहतात?”

“त्यांना कोणीतरी सांगायला हवं,” साहेब गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी ते टिपून ठेवलं. सावंतवाडीकरांचं मी असं नकळत काही वाईट केलं असेल, तर ते पुढे निस्तरलं गेलं असावं. गाव अजून जागेवर आहे असं ऐकतो.

“वाडी म्हणजे फक्त छोटं गाव, सर,” मी शेवटचा प्रयत्न केला.

“म्हणजे वाडीतलं छोटं गाव.”

“नाही, सर. छोटं गाव म्हणजेच वाडी.”

“आणि ते आहे कुठे?”

“वाडीत, सर,” मी म्हणालो. तीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाच्या तोंडून हे गेलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि येत्या सोमवारी आपण स्वतः येऊन वाडी रिकामी झाल्याची खात्री करू, असं सांगितलं.

बाहेर खासगीवाल्यांनी मला पानसुपारी दिली. “नाव बदलून पाहा,” ते म्हणाले.

“चोरघेगाव?”

“गाव म्हटलं की पोलीस पाटील लागतो, चावडी लागते, स्मशान लागतं. ती निराळी कचेरी.”

“चोरघेनगर?”

“मग दिव्याचे खांब मागाल.”

“चोरघेपूर.”

खासगीवाल्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “मास्तर, ही पूर-समिती आहे. आमच्या फायलीत पूर एकदाच पुरे.”

मी संध्याकाळी परतलो तेव्हा रंभाबाई ओट्यावरच होती. शेजारी हैबतराव, भिवाजी आणि तमाशा बघायला म्हसू. मी घडलं ते सांगितलं. शब्दकोशापर्यंत आल्यावर म्हातारीने मला थांबवलं.

“त्यो सायेब वाडी कशाला म्हनतो म्हनालात?”

“कोरड्या ओढ्याला.”

“त्याला काय पायजे? वाडी रिकामी पायजे?”

“हो.”

“मंग आपला ओढा रिकामाच हाय की,” रंभाबाई म्हणाली. “त्याची वाडी त्याला दावा. माजी मला ऱ्हाऊ द्या.”

ही युक्ती अर्थात माझीच. माझ्या मनात ती तयार होत होती, तिने फक्त आधी बोलून दाखवली. दुसऱ्याच दिवशी हैबतराव आणि भिवाजीने फळी उपटली आणि ओढ्याच्या पात्रात मधोमध गोटे रचून घट्ट उभी केली. मराठी बाजूवर नथूने डांबर फासलं. म्हसूने ओढ्यात बसलेली आपली मेंढरं वर नेली, कारण रिकामी म्हणजे रिकामी. “आमाला लई शिकवाया बसला व्हतास,” हैबतराव त्याला म्हणाले, “आता तूच हाल पयला.”

सोमवारी जीप आली. पुढे मेजरसाहेब, मागे फायलीचं गाठोडं मांडीवर घेतलेले खासगीवाले. मी ओढ्याच्या काठावर उभा होतो. साहेब उतरले आणि फळीपुढे थबकले.

“मला आठवतं त्यापेक्षा ही फळी जरा खाली आहे,” ते म्हणाले.

माझं लक्ष खासगीवाल्यांकडे गेलं. त्यांनी जागा ओळखली होती. नकाशात पांढरी दिसलेली ती पड आता त्यांच्या पायांखाली होती, आणि तिच्यात फळी रोवलेली होती ‘वाडी’ अशी. त्यांचा चेहरा उपरण्याच्या रंगाचा झाला.

साहेब गुडघ्यावर बसले. एक गोल गोटा त्यांनी उचलला, तळव्यावर फिरवला आणि खाली ठेवला. काठावर मागच्या पुराने अडकवलेलं काटक्या-गवताचं जाळं त्यांनी बोटाने दाखवलं. ते त्यांच्या कमरेइतक्या उंचीवर होतं. “अगदी तशीच,” ते स्वतःशी म्हणाले. मग एकदम ताठ उभे राहिले. “अशा जागी माणसांना कोण मूर्ख वस्ती करायला सांगेल?”

“कोणी मूर्खच, सर,” खासगीवाले म्हणाले.

“आणि फळीचं काय?”

“पहिल्यापासून इथेच आहे, सर,” खासगीवाले चटकन म्हणाले. “त्या दिवशी आपली गाडी उतारावर होती.” माझं त्यांच्याबद्दलचं मत त्या क्षणी पुष्कळ सुधारलं.

“लोक कुठे गेले?”

“वर, सर,” मी म्हटलं.

आम्ही चढ चढलो. करवंदीच्या जाळ्या ओलांडल्या आणि चोरघेवाडी समोर आली. कौलं, गोठे, उकिरडे, दोरीवर वाळणारी लुगडी, पोरं. मेजरसाहेब बघत राहिले.

“इतक्यात एवढं सगळं उभं केलं?”

“श्रमदान, सर,” खासगीवाले म्हणाले. त्या काळात या शब्दापुढे कोणी काही विचारत नसे.

साहेबांनी फणसाला हात लावला. बुंधा एका माणसाच्या कवेत न येणारा. “आणि हे झाड?”

“मावळात पाऊस फार, सर,” मी म्हटलं. “झाडं फोफावतात.”

आत डोकावून त्यांनी धुराने काळे झालेले वासे पाहिले. चूल फार पेटवतात, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आता ते खरंच सगळं पटवून घेत होते की त्यांना काही उमजलं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. पलटणीतल्या माणसाचा चेहरा वाचणं कठीण असतं.

शेवटी ते रंभाबाईच्या ओट्यावर टेकले. म्हातारीने पाणी दिलं. तिची नजर साहेबांच्या पेनावर होती. सगळी वाडी अंगणात जमली होती, हात बांधून. साहेबांनी फाइल मांडीवर घेतली. “छान,” ते आपल्या हुकमापुरत्या हिंदीत म्हणाले. “आता फक्त या नव्या जागेचं नाव सांगा.”

जो तो शेजाऱ्याकडे पाही. ‘वाडी’ हा शब्द न उच्चारण्याबद्दल मी घरोघर जाऊन सांगितलं होतं, पण त्याच्या जागी काय उच्चारायचं हे सांगायचं राहून गेलं होतं. ती शांतता भिवाजीला सहन झाली नाही. त्याने साहेबांचा रोख ओळखला आणि हाताने सबंध डोंगररांग कवेत घेतल्यासारखं करून अभिमानाने सांगितलं, “सायेब, ह्ये समदं पौड खोरं.”

साहेबांचं पेन थांबलं. “खोर?”

मी डोळे मिटले.

“सुदानमध्येही होतो मी,” साहेब इंग्रजीत म्हणाले. “तिथे खोर म्हणतात, तीही वाडीच. पाऊस पडला की वाहणारी.” त्यांनी मान वळवून चारी बाजूंच्या डोंगरांकडे पाहिलं. मग खालच्या रस्त्याकडे, मग पलीकडे धरणाच्या दिशेला. “म्हणजे हा सबंध मुलूखच?”

खासगीवाले आपल्या चपलांकडे पाहत होते. एवढा मुलूख हलवायचा तर फाइल किती जाड होईल, याचा हिशेब त्यांच्या कपाळावर दिसत होता.

रंभाबाईने मला कोपराने ढोसलं. “आता काय म्हनतोय?”

मी म्हटलं, “म्हणतो आहे, हा सगळा मुलूखच पाण्याच्या वाटेत आहे.”

म्हातारी धरणाच्या बाजूला पाहत राहिली. तिथे पाण्याखाली तिचं सासर होतं.

“त्यात खोटं काय हाय,” ती म्हणाली. “पर आता ऱ्हाऊ दे म्हनावं.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द, माझ्या पदरचं काही न घालता. मेजर चाकोंनी पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, फाइल मिटून खासगीवाल्यांच्या हातात दिली, आणि ओट्यावरून उठता उठता तिला एवढंच म्हणाले, “लेट इट स्टे, मां.”

त्याचं भाषांतर तिने मला विचारलं नाही. ती आत गेली आणि सुनेला म्हणाली, “भाकर वाड.”